एकाच तिकिटावर अनेक पिढ्यांची विमाने: एअर इंडिया समूहाच्या ताफ्याचे परीक्षण

टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्स यांची विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाल्यानंतर कित्येक महिने मुंबई-दिल्ली मार्गावरचे जाणकार प्रवासी तिकीट काढताना भाड्याआधी उड्डाणाचा क्रमांक पाहत असत. क्रमांक चार अंकी असून २ ने सुरू होत असेल, तर विमान पूर्वीच्या विस्ताराचे, हे त्यांना ठाऊक असे. तसा नसेल, तर कोणत्या वयाचे विमान वाट्याला येईल याचा भरवसा नसे. एकाच कंपनीच्या, एकाच मार्गावरच्या आणि जवळपास सारख्या भाड्याच्या दोन तिकिटांमध्ये ग्राहकाला स्वतःहून असा भेद करावासा वाटणे, ही या समूहाच्या स्थितीची सर्वांत नेमकी नोंद आहे, आणि म्हणूनच हे परीक्षण एखाद्या प्रवासाचे नसून संपूर्ण ताफ्याचे आहे.

टाटा समूहाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी १८,००० कोटी रुपयांच्या बोलीवर एअर इंडिया जिंकली. त्यांपैकी २,७०० कोटी रोख होते आणि उरलेल्या १५,३०० कोटींचे कर्ज त्यांनी अंगावर घेतले. २७ जानेवारी २०२२ रोजी प्रत्यक्ष ताबा मिळाला, तेव्हा एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस मिळून १४१ विमाने हाती आली. कागदावर हा आकडा भरघोस दिसत असला, तरी त्यांतली कित्येक विमाने सुट्या भागांअभावी जमिनीवर उभी होती आणि जी उडत होती त्यांच्या आतील भागाकडे अनेक वर्षे कोणी पाहिले नव्हते. खुर्च्या न हलणे, आसनासमोरचे चित्रपटाचे पडदे बंद असणे, आर्मरेस्टला चिकटपट्टी लावलेली असणे या तक्रारी नव्या व्यवस्थापनानेही नाकारल्या नाहीत. सिंगापूर एअरलाइन्स समूहाच्या स्कूट या कंपनीतून २०२२ मध्ये मुख्याधिकारी म्हणून आलेल्या कॅम्पबेल विल्सन यांनी त्याच वर्षी १५ सप्टेंबरला ‘विहान.एआय’ हा पाच वर्षांचा आराखडा जाहीर केला आणि देशांतर्गत बाजारातील किमान ३० टक्के वाटा हे त्याचे एक उद्दिष्ट ठेवले.

त्यानंतर आली ती खरेदी. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी समूहाने एकाच दिवशी ४७० विमानांची मागणी जाहीर केली: एअरबसकडून २५० आणि बोइंगकडून २२०. एअरबसच्या वाट्यात ए३२० निओ कुळातील छोटी २१० आणि लांब पल्ल्याची मोठी ए३५० प्रकारची ४०, तर बोइंगच्या वाट्यात छोटी ७३७ मॅक्स प्रकारची १९० आणि मोठ्यांपैकी ७८७-९ प्रकारची २० आणि ७७७ एक्स प्रकारची १० विमाने होती. छापील किमतीने हिशेब केला तर ही रक्कम ७० अब्ज डॉलरच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या मागणीला छापील किंमत कोणी देत नाही, हा भाग वेगळा. डिसेंबर २०२४ मध्ये एअरबसच्या आणखी १०० विमानांची भर पडली आणि एकूण मागणी ५७० वर गेली.

या खरेदीचे मूल्यमापन करताना मला राहून राहून २००६ सालची खरेदी आठवते. त्या सुमारास एअर इंडियाने बोइंगकडून ६८ आणि इंडियन एअरलाइन्सने एअरबसकडून ४३ अशी एकूण १११ विमाने मागवली होती. पाठोपाठ २००७ मध्ये दोन्ही सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले, आणि दोन पगारश्रेणी, दोन संगणक-व्यवस्था व दोन स्वभाव एका छताखाली कोंबले गेले. विमाने उत्तम होती. पण ती कोणत्या मार्गावर, किती भाड्याने आणि कोणाच्या हिशेबावर उडवायची याचे उत्तर कोणापाशी नव्हते. विक्रीच्या वेळी कंपनीवर ६१,५६२ कोटींचे कर्ज होते, त्यातील ४६,२६२ कोटी सरकारने वेगळ्या कंपनीकडे वळवले, म्हणजे शेवटी ते तुमच्या-माझ्या खिशातूनच फिटणार. नवी विमाने घेतली की विमान कंपनी आपोआप नवी होते, हा समज त्या व्यवहाराने पुरता खोटा ठरवला आहे.

त्याच काळातला एक उपप्रसंग तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००६ च्या मागणीतून आलेली बोइंग ७७७-२०० एलआर ही अतिलांब पल्ल्याची विमाने परवडेनात म्हणून त्यांतली पाच एअर इंडियाने एतिहाद या अबुधाबीच्या कंपनीला विकून टाकली. दहा वर्षे उलटत नाहीत तोच टाटांच्या एअर इंडियाला अमेरिकेच्या मार्गांसाठी विमाने कमी पडू लागली, तेव्हा त्याच प्रकारची पाच विमाने भाड्याने आणावी लागली; ती अमेरिकेच्या डेल्टा कंपनीने निवृत्त केलेली होती. पुढे एतिहादकडची ७७७-३०० ईआर विमानेही भाडेपट्ट्यावर आली. परिणामी काही काळ एअर इंडियाची सर्वांत चांगली लांब पल्ल्याची आसने ही दुसऱ्या कंपन्यांनी स्वतःसाठी निवडलेली आसने होती. तातडीचा उपाय म्हणून हा निर्णय मला योग्यच वाटतो, कारण कारखान्यातून नवे विमान येण्यास वर्षे लागतात आणि बाजार तोवर थांबत नाही. मात्र त्यामुळे ताफ्यातल्या विसंगतीत भरच पडली.

ही विसंगती किती आहे, हे मोजून पाहण्यासारखे आहे. ए३१९, ए३२०, ए३२० निओ, ए३२१, ए३२१ निओ, ७८७-८, ७८७-९, ७७७-२०० एलआर, ७७७-३०० ईआर आणि ए३५०-९०० हे केवळ एअर इंडियाचे प्रकार. त्यात एअर इंडिया एक्सप्रेसची ७३७-८०० आणि ७३७ मॅक्स विमाने मिळवा. ए३१९ ते ए३२१ ही एकाच कुळातील असल्याने वैमानिकाला एकाच प्रकारच्या परवान्यावर ती सगळी उडवता येतात, पण बाकीच्यांसाठी वेगळे प्रशिक्षण, वेगळे सुटे भाग, वेगळे तंत्रज्ञ लागतात. मुंबईत ७७७ ऐन वेळी बिघडले आणि राखीव म्हणून ७८७ उभे असेल, तर आसनांची संख्या जुळत नाही, वर्ग जुळत नाहीत, कधी वैमानिकही जुळत नाहीत. याउलट इंडिगोने २००५ मध्ये १०० ए३२० ची पहिली मागणी नोंदवली आणि पुढे दीड दशकाहून अधिक काळ प्रामुख्याने त्याच एका कुळावर धंदा उभा करून देशांतर्गत बाजाराचा साठ टक्क्यांहून मोठा हिस्सा मिळवला. जेवण, रुबाब आणि इतिहास यांत इंडिगो कधीच पुढे नव्हती. एकसारखेपणा हेच तिचे भांडवल. त्या भांडवलालाही मर्यादा असतात, हे डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांपुढे तिची हजारो उड्डाणे कोलमडली तेव्हा सर्वांनी पाहिले.

म्हणून टाटांच्या धोरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग माझ्या मते ५७० विमानांची मागणी हा नाही, तर चार कंपन्यांच्या दोन करणे हा आहे. एअर एशिया इंडिया, जिचे नाव मधल्या काळात एआयएक्स कनेक्ट झाले होते, ती १ ऑक्टोबर २०२४ रोजी एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात आली आणि त्या बदल्यात सिंगापूर एअरलाइन्सकडे एकत्रित कंपनीचे २५.१ टक्के भाग गेले. एक कंपनी पूर्ण सेवेची, दुसरी स्वस्त दराची; महानगरे व परदेशचा लांब पल्ला पहिलीकडे, आखाती देश, गोवा आणि मध्यम शहरे बव्हंशी दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे. अर्थात विस्ताराच्या नियमित प्रवाशांना हा सौदा आतबट्ट्याचा वाटला, आणि त्यांना दोष देता येणार नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीने कमी वर्षांत जो नेटकेपणा कमावला होता, तो मोठ्या घरात सून म्हणून आल्यावर टिकेल का, ही त्यांची शंका होती. सिंगापूरचा भागीदार संचालक मंडळात आहे, यावर मी तूर्त थोडा विश्वास ठेवतो.

आता प्रत्यक्ष विमानांकडे येऊ. या समूहाचे सर्वोत्तम विमान कोणते, असे विचारल्यास उत्तर निःसंशय ए३५०-९०० हे आहे. रशियाच्या एरोफ्लोतसाठी बनलेली पण निर्बंधांमुळे तिकडे न गेलेली ही विमाने एअर इंडियाला लवकर मिळाली. पहिले विमान डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत उतरले. त्याची नोंदणी व्हीटी-जेआरए अशी आहे, आणि ती अक्षरे कोणाच्या आठवणीत निवडली हे मराठी वाचकाला सांगायला नको. हे विमान भाडेपट्ट्याने गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्रातून घेतले गेले, म्हणजे विमान-भाडेपट्ट्याचा जो व्यवहार आजवर प्रामुख्याने आयर्लंडमधून चाले, त्यातला एक तुकडा भारतात आला. एकूण ३१६ आसनांपैकी २८ बिझनेस क्लासची, एका ओळीत १-२-१ अशी, दार सरकवून बंद करता येणारी; २४ प्रीमियम इकॉनॉमीची, म्हणजे इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधल्या वर्गाची, आणि २६४ इकॉनॉमीची. जगातल्या चांगल्या कंपन्यांच्या शेजारी हे विमान बिनदिक्कत उभे करावे. वाईट एवढेच वाटते की त्याची लंडन व न्यूयॉर्कची उड्डाणे सुरू झाली ती दिल्लीहून. पहिले व्यावसायिक उड्डाण २२ जानेवारी २०२४ रोजी बेंगळुरूहून मुंबईला झाले खरे, पण ती वैमानिकांच्या सरावासाठीची देशांतर्गत फेरी होती. ज्या मुंबईतून ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे पहिले परदेशी उड्डाण लंडनला निघाले, त्या शहराच्या वाट्याला नव्या पर्वात पंगतीतला दुसरा पाट आला आहे.

देशांतर्गत उड्डाणांत चित्र बरेच सुधारले आहे. समूहाने ४० कोटी डॉलरचा रेट्रोफिट कार्यक्रम, म्हणजे जुन्या ६७ विमानांची आतून नव्याने मांडणी करण्याचे काम, हाती घेतले. त्यात २७ ए३२० निओ आणि ४० मोठी विमाने होती. सप्टेंबर २०२४ मध्ये छोट्या विमानांपासून आरंभ झाला. नव्या मांडणीत बिझनेसची ८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची १३२ अशी एकूण १६४ आसने असतात, आणि विस्ताराच्या ए३२० निओची मांडणीही अगदी हीच होती. विलीनीकरण कागदावर पूर्ण झाले १२ नोव्हेंबरला. प्रवाशाच्या दृष्टीने ते पूर्ण होते, ते दोन विमानांतली आसने सारखी झाल्यावर. इकॉनॉमीत पाय पसरायला जागा फार नाही, पण चार्जिंगची सोय आहे, मोबाइल टेकवायला खाच आहे, आणि मुख्य म्हणजे सगळे चालते. पुणे-दिल्लीसारख्या दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासाला याहून अधिक मी मागणार नाही. प्रीमियम इकॉनॉमीचे जादा पैसे मात्र एवढ्या अंतरासाठी मोजावेत असे मला वाटत नाही. ज्यांचे कार्यालय पैसे देते त्यांची गोष्ट निराळी.

खरी पंचाईत आहे ती मोठ्या विमानांची. जुन्या ७८७-८ मध्ये बिझनेसची १८ आसने २-२-२ अशी आहेत, म्हणजे खिडकीपाशी बसलेल्या माणसाला रात्री उठायचे तर शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. जुन्या ७७७-३०० ईआर मध्ये फर्स्ट क्लासची ४, बिझनेसची ३५ आणि इकॉनॉमीची ३०३ आसने, आणि बिझनेसची मांडणी तर २-३-२. लाखांच्या घरातले भाडे देऊन दोघांच्या मध्ये बसणे, ही कल्पना आज कोणत्याही स्पर्धक कंपनीला विकता येणार नाही. या विमानांचे नूतनीकरण लांबत गेले, याचे कारण पैसा नव्हे. विमानातली खुर्ची ही दिसते तेवढी साधी वस्तू नसते. आघात-चाचण्या, अग्निरोधक कापड आणि प्रत्येक विमान-प्रकारासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र यांतून तिला जावे लागते. महासाथीनंतर जगातले आसन बनवणारे मोजके कारखाने मागणीखाली दबून गेले, आणि ज्या कंपन्यांनी आपल्या मागण्या आधी नोंदवल्या त्यांची विमाने आधी सजली. एअर इंडिया रांगेत उशिरा आली. पहिले ७८७-८ कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे कामासाठी पाठवले गेले ते जुलै २०२५ मध्ये. नव्या मांडणीत त्यात बिझनेसची २०, प्रीमियम इकॉनॉमीची २५ आणि इकॉनॉमीची २०५ आसने असतील, म्हणजे एकूण आसने २५६ वरून २५० वर येतील. सहा आसने सोडून द्यायची आणि उरलेल्यांतून अधिक उत्पन्न काढायचे, हा त्यामागचा हिशेब मला पटतो.

हे सर्व चालू असताना २०२५ चे वर्ष समूहाची कसोटी पाहणारे ठरले. २४ एप्रिलपासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. इंडिगोपेक्षा याचा फटका एअर इंडियाला कितीतरी अधिक बसला, कारण युरोप-अमेरिकेची लांब उड्डाणे तिचीच. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले, आणि दिल्ली-वॉशिंग्टन सेवा १ सप्टेंबरपासून थांबवण्यात आली. आणि १२ जून रोजी अहमदाबादहून लंडनच्या गॅटविक विमानतळाकडे निघालेले ७८७-८ उड्डाणानंतर काही क्षणांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ आणि जमिनीवरील १९ जण गेले. प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. त्यापलीकडे तर्क करणे हे परीक्षकाचे काम नव्हे. ताफ्याच्या धोरणाशी त्याचा संबंध एवढाच, की त्यानंतर मोठ्या विमानांची परदेशी उड्डाणे सुमारे १५ टक्क्यांनी कमी करून अधिक तपासण्या कराव्या लागल्या, आणि ज्या ताफ्यात राखीव विमानेच नाहीत त्याला अशी कपात किती जड जाते हे दिसून आले.

पैशाच्या बाजूने पाहता २०२३-२४ मधील एअर इंडियाचा एकत्रित तोटा ४,४४४ कोटी होता, म्हणजे त्याआधीच्या वर्षातील ११,३८८ कोटींपेक्षा पुष्कळ कमी. पण लोकसभेतील लेखी उत्तरानुसार २०२४-२५ मध्ये एअर इंडिया व एअर इंडिया एक्सप्रेस यांचा करपूर्व तोटा मिळून ९,५६८ कोटींवर गेला, आणि त्यातला मोठा वाटा, ५,६७८ कोटी, स्वस्त दराच्या एक्सप्रेसचा होता. हे मला अधिक चिंतेचे वाटते. बोइंगकडे इतर कंपन्यांसाठी बनून पडून असलेली सुमारे ५० ७३७ मॅक्स विमाने घेऊन एक्सप्रेस झपाट्याने वाढली. त्यांत पुढच्या काही रांगा बिझनेस क्लासच्याच राहिल्याने स्वस्त सेवेच्या विमानात रुंद खुर्च्या असा चमत्कारिक प्रकार प्रवाशांना मिळाला. प्रवासी खूश, हिशेबनीस नाखूश.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या नूतनीकरणाचे पडसाद विमानांच्या आत कमी आणि जमिनीवर अधिक आहेत. एअर इंडियाची नरिमन पॉइंटची तेवीस मजली इमारत राज्य सरकारने १,६०१ कोटींना घेण्याचे ठरवले. मुख्यालय त्याआधीच दिल्लीकडे गेले होते. नागपूरच्या मिहान या औद्योगिक प्रकल्पातील विमान-देखभाल केंद्र बोइंगने २००६ च्या खरेदीच्या बदल्यात उभारले, परंतु ते चालवणारी अभियांत्रिकी कंपनी सरकारकडेच राहिली आणि टाटांनी आपले देखभाल केंद्र बेंगळुरूजवळ काढले. विदर्भाच्या हातून निसटलेली ही मोठी संधी होती. त्याची थोडी भरपाई अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर होत आहे. वर्षाला १८० वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था तेथे आखली असून तिच्यासाठी ३४ छोटी विमाने मागवण्यात आली. विमाने विकत मिळतात, वैमानिक घडवावे लागतात, हे ओळखून केलेली ही गुंतवणूक मी संपूर्ण आराखड्यातल्या चांगल्या कलमांत धरतो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि तेथे समूहाने पुढे केली ती एक्सप्रेस. पनवेल, पुणे, रायगडच्या प्रवाशाला या समूहाची ओळख यापुढे बहुधा तिच्याच विमानांतून होईल.

गुण द्यायचेच तर खरेदीला पाचपैकी साडेचार, कंपन्यांच्या एकत्रीकरणाला चार, देशांतर्गत विमानांना साडेतीन आणि मुंबईहून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या सेवेला, जुनी ७७७ आणि ७८७-८ तिच्यात आहेत तोवर, अडीच देईन. कंपनीच्या वेळापत्रकानुसार जुन्या ७८७-८ चे काम २०२७ च्या मध्यापर्यंत आणि १३ ७७७-३०० ईआर चे ऑक्टोबर २०२८ पर्यंत संपायचे आहे. मूळ कार्यक्रमात ७८७-८ ची संख्या २७ होती. आता ती २६ आहे. तोवर तिकीट काढणाऱ्याने एक साधी खूण लक्षात ठेवावी. आपण इकॉनॉमीनेच जाणार असलो तरी त्या उड्डाणावर प्रीमियम इकॉनॉमी विक्रीला आहे का, हे पाहावे. जुन्या मांडणीच्या ७७७ आणि ७८७-८ विमानांत तो वर्ग नाही, त्यामुळे तो दिसला तर विमान नवे, भाडेपट्ट्याचे, विस्ताराकडून आलेले किंवा नूतनीकरण झालेले असण्याची शक्यता दांडगी, आणि दिसला नाही तर मोबाइलमध्ये दोन चित्रपट उतरवून घेऊन निघावे.